पोरांना पत्ता सांगू द्या

प्राथमिक शाळेच्या इंग्रजीत रस्ता विचारण्याचा आणि सांगण्याचा एक पाठ असतोच. तिसरीत असो, पाचवीत असो, सोबत एक नकाशा ठरलेला. काटकोनात छेदणारे रस्ते, एका कोपऱ्यावर बँक, समोर पोस्ट, पलीकडे बाग, बागेशेजारी बेकरी आणि ग्रंथालय. दोन मुलं उभी राहतात. एक म्हणतं, ‘एक्स्क्यूज मी, कॅन यू टेल मी द वे टू द पोस्ट ऑफिस?’ दुसरं म्हणतं, ‘गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट, इट इज नेक्स्ट टू द बँक.’ ‘थँक यू.’ ‘यू आर वेलकम.’ टाळ्या वाजतात, पाठ संपतो. विचारणाऱ्याला पोस्ट कुठं आहे ते नकाशात आधीच दिसत होतं आणि सांगणाऱ्याला उत्तर पाठ होतं. कुणीही कुणाला काहीही सांगितलेलं नसतं.

माझं म्हणणं असं आहे की हा पाठ छापील नकाशावरून उचलून मुलाच्या स्वतःच्या गावात नेला पाहिजे, आणि त्याचे गुण एकाच गोष्टीवर द्यायला हवेत. ऐकणारा पोहोचला का?

प्राथमिक इंग्रजीतल्या बाकीच्या बहुतेक पाठांत पुस्तकाला माहीत असतं आणि मुलाला नसतं. हा एक पाठ उलटा आहे. गाव मुलाला माहीत असतं. पुस्तकाला ते नसतं, आणि बदलीवर नव्यानं आलेल्या बाईंना किंवा गुरुजींनाही बऱ्याचदा नसतं. साताऱ्याजवळच्या परळी खोऱ्यातल्या एखाद्या वाडीतल्या नऊ वर्षांच्या पोराला ओढा कुठं ओलांडायचा, पावसाळ्यात कुठली पायवाट बंद होते, डेअरीची गाडी कुठवर येते, कुणाचं कुत्रं अंगावर धावून येतं, हे सगळं ठाऊक असतं. इतकं ठाऊक असलेल्या मुलाला आपण कुठल्या तरी न पाहिलेल्या गावातल्या बेकरीचा पत्ता पाठ करायला लावतो. आयुष्यात कधी बेकरी न पाहिलेलं मूलही तो पाठ करतं, कारण परीक्षेत तो येतो. मला ही फार मोठी नासाडी वाटते.

साताऱ्यापुरतं बोलायचं, तर या पाठाची गरज दाराशी येऊन उभी आहे. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांसोबत जागतिक वारसा यादीत गेलं, आणि ऑगस्ट सरता सरता फुलांचा हंगाम सुरू झाला की यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. पुणे-बंगळूर महामार्ग शहराला लागूनच जातो, त्यामुळं कर्नाटक पासिंगच्या गाड्याही भरपूर असतात. कुणाला ठोसेघरचा धबधबा बघायचा असतो, कुणाला सज्जनगड, कुणाला बामणोली. वाटेत गाडीची काच खाली होते आणि प्रश्न येतो. मराठी न येणारा माणूस आधी हिंदीत विचारतो आणि हिंदीही धड येत नसेल तर इंग्रजीत. समोर असतं कणसं भाजणाऱ्या बाईंचं शाळकरी पोर, नाहीतर एसटीची वाट बघणारी सातवीतली मुलगी. उत्तर त्यांना ठाऊक असतं. हात पुढं होतो, बोट दाखवलं जातं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. हीच मुलं पहिलीपासून इंग्रजी शिकलेली असतात आणि ‘टर्न लेफ्ट’वर त्यांनी टाळ्याही घेतलेल्या असतात.

यात मुलांचा दोष नाही. पुस्तकातली वाट आणि इथली वाट यांची घडणच वेगळी आहे. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर वसलंय. त्यामुळं इथल्या बोलण्यात वर आणि खाली या दिशा डाव्या-उजव्याच्या आधी येतात. राजपथ हा वरचा रस्ता, कर्मवीर पथ हा खालचा रस्ता. ‘वरच्या अंगाला’ म्हटलं की किल्ल्याकडं, हे लहान पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. पोवई नाक्यावर २०२१ साली ग्रेड सेपरेटर सुरू झाला आणि तिथं आणखी एक वर-खाली तयार झालं. ‘वरनं जायचं का खालनं?’ वरनं गेलात तर चौकात येता, खालनं गेलात तर चौक तुमच्या डोक्यावर राहतो. परक्या माणसाला नाक्यावरून वाट सांगताना हे सगळ्यात आधी सांगावं लागतं. नाहीतर ‘टर्न लेफ्ट’ म्हणेपर्यंत त्याची गाडी खाली शिरलेली असते.

खेड्यात तर काटकोनातला चौकही नसतो. तिथं फाटा असतो, बोळ असतो, वळण असतं, पार असतो. अंतर हाकेवर मोजतात, नाहीतर विडी ओढून होईस्तोवरच्या वेळात. बामणोलीच्या मुलाला तापोळ्याची वाट सांगायची तर मध्ये शिवसागर जलाशय आहे, त्याच्या उत्तरात लाँच येणारच. शेतकऱ्याच्या घरातलं पोर ‘उगवतीच्या बांधाला’ असं सहज म्हणतं, कारण घरात जमिनीचं बोलणं चालतं आणि खरेदीखतातली चतुःसीमाही पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस अशीच लिहिलेली असते. वाट सांगण्याची इतकी समृद्ध रीत मुलाजवळ आधीच असते. शाळेत आल्यावर ती दप्तराबाहेर राहते.

कुणाला वाटेल, वर-खाली ही गावठी रीत झाली, शहरी आणि शास्त्रशुद्ध रीत म्हणजे डावं-उजवं. तसं नाही. मेक्सिकोच्या चियापास प्रांतात तेनेहापा नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथली त्झेल्ताल भाषा बोलणारी माणसं वस्तूची जागा सांगताना चढाकडं आणि उताराकडं अशाच दिशा वापरतात, अगदी घरातल्या भांड्याबद्दल बोलतानासुद्धा. पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तिथं जमीन दक्षिणेला चढते आणि उत्तरेला उतरते, अगदी साताऱ्यासारखी. ऑस्ट्रेलियातल्या गुगु यिमिथिर भाषेत चार मुख्य दिशांवरच सगळा व्यवहार चालतो. माणसं आपापल्या भूमीच्या आकारानुसार वाट सांगतात, आणि त्यातल्या कुठल्याच रीतीला कमी लेखायचं कारण नाही. शिवाय इंग्रजीलाही हे परकं नाही. ‘गो अप द रोड’, ‘गो डाऊन टू द रिव्हर’ ही अस्सल इंग्रजी वाक्यं आहेत आणि साताऱ्याच्या मुलाला ती पहिल्या दिवशी कळतील. तरीही आपण सुरुवात ‘टेक द सेकंड लेफ्ट’पासून करतो.

शहराच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी हा पाठ फार वेगळ्या तऱ्हेनं चाललेला पाहिला. बाईंनी मुलांना अंगणात रांगोळीनं गाव काढायला सांगितलं होतं. एसटीचा थांबा, मारुतीचं देऊळ, डेअरी, पाण्याची टाकी, गिरण, अंगणवाडी, ओढा आणि त्यावरचा साकव. टाकी देवळाच्या वरच्या अंगाला काढायची की मागच्या, यावरून मुलांचं चांगलंच भांडण जुंपलं. ‘आरं, टाकी देवळाच्या मागं न्हाई, वर हाय!’ बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. बराच वेळ गेला आणि तो सगळा वेळ मुलं मराठीतच बोलत होती. इंग्रजीचा तास मराठीत वाया चाललाय असं एखाद्या तपासणी अधिकाऱ्याला वाटलं असतं. मला मात्र तो त्या तासाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटला, कारण डोक्यातलं गाव जमिनीवर उतरत होतं.

मग बाई स्वतः पाहुण्या झाल्या. रांगोळीतल्या थांब्यावर उभ्या राहिल्या आणि एका तिसरीतल्या मुलाला म्हणाल्या, ‘आय वॉन्ट टू गो टू युवर आत्याज हाऊस.’ ते घर कुठलं ते त्यांना खरंच माहीत नव्हतं. मुलगा थोडा थांबला आणि बोलायला लागला. ‘गो डाऊन.’ बाई चालल्या. ‘मारुती टेंपल. नो टर्न. डाऊन, डाऊन. ब्रिज.’ बाई साकवावर पोहोचल्या आणि मुद्दाम डावीकडं वळल्या. मुलगा ओरडला, ‘नो, नो! कम बॅक! राइट, राइट! ब्लू डोअर!’ निळ्या खडूनं काढलेल्या दारापाशी बाई थांबल्या. सगळ्या अंगणात आरडाओरडा झाला.

‘कम बॅक.’ रस्ता सांगण्याच्या कुठल्या पाठात हे वाक्य मी वाचल्याचं आठवत नाही. प्रत्यक्षात वाट सांगताना ते सगळ्यात आधी लागतं, कारण ऐकणारा चुकतोच. छापील संवादात कुणी चुकत नाही, म्हणून चुकलेल्याला परत आणायची भाषाही तिथं नसते. ‘स्टॉप.’ ‘नॉट दॅट रोड.’ ‘वेट.’ ‘यस, यस, गो.’ ही एक-दोन, फार तर तीन शब्दांची वाक्यं मुलांना शिकवा. ‘कुड यू प्लीज डायरेक्ट मी’ पुढल्या वर्षी आलं तरी चालेल.

त्याच तासात चौथीतल्या एका मुलीची पाळी आली. ती बाईंच्या समोर तोंड करून उभी होती. तिनं ‘टर्न लेफ्ट’ म्हटलं, बाई आपल्या डावीकडं वळल्या, आणि ती गोंधळली, कारण तिच्या मनातलं डावं ते नव्हतं. पुन्हा तसंच झालं. मग ती मुलगी गपचूप निघाली, रांगोळी न मोडता बाईंच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली, त्यांचं तोंड जिकडं होतं तिकडं आपलं तोंड केलं, आणि तिथून बरोबर वाट सांगितली. हे तिला कुणीही शिकवलं नव्हतं.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात मुलांना डाव्या-उजव्याबद्दल प्रश्न विचारून त्यांची समज कशी वाढते ते पाहिलं होतं. स्वतःचा डावा हात मुलं पाच-सहा वर्षांच्या सुमारास ओळखू लागतात. समोरच्या माणसाचा डावा हात कुठला हे कळायला साधारण आठ वर्षांचं व्हावं लागतं, आणि ओळीनं ठेवलेल्या वस्तूंमध्ये कुठली कुणाच्या डावीकडं हे उलगडायला त्याहून बराच काळ. आपल्या वर्गात काय होतं? गुरुजी मुलांकडं तोंड करून उभे राहतात, उजवा हात वर करतात आणि ‘राइट’ म्हणतात. समोरच्या साठ डोळ्यांना तो हात डावीकडं दिसतो. तिसरीतलं मूल ‘लेफ्ट-राइट’मध्ये चुकलं की आपण त्याचं इंग्रजी कच्चं धरतो. चूक बऱ्याचदा इंग्रजीची नसतेच. ते मूल अजून समोरच्याच्या जागी मनानं जाऊन उभं राहायला शिकत असतं. यावर उपाय अगदी साधा आहे. सुरुवातीचे महिनाभर गुरुजींनी मुलांकडं पाठ करून उभं राहावं, म्हणजे सगळ्यांचं डावं एकाच बाजूला येईल. त्याच्याही आधी खुणांवर आणि वर-खालीवर वाट सांगू द्यावी. डावं-उजवं त्यानंतर.

यावर शिक्षकांचा पहिला आक्षेप व्याकरणाचा असतो. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी हा विषय काढला की हमखास कुणीतरी म्हणतं, ‘सर, मग मुलांनी तुटक इंग्रजीच बोलायचं का?’ हो, या वयात तुटकच बोलायचं. युरोपीय परिषदेनं (काउन्सिल ऑफ युरोप) २००१ साली भाषा शिकण्याच्या पायऱ्यांची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात अगदी पहिल्या पायरीवर फक्त छोट्या, सोप्या सूचना ऐकून वाट चालता येणं एवढीच अपेक्षा आहे. नकाशा समोर ठेवून वाट विचारणं आणि सांगणं दुसऱ्या पायरीवर येतं. म्हणजे आधी ऐकून चालायचं, मग बोलायचं. अमेरिकेतल्या जेम्स ॲशर यांनी तर शरीराच्या हालचालीतून ऐकणं पक्कं करण्याची एक शिक्षणपद्धतीच उभी केली. तिच्यात शिक्षक सूचना देतो, मुलं ती अंगानं करून दाखवतात आणि बोलायची घाई कुणी करत नाही. आपण मात्र पहिल्याच दिवशी दोघांना उभं करून संवाद म्हणायला लावतो. ‘आत्याज हाऊस’मधला संबंध दाखवणारा ‘एस’ दुसऱ्या दिवशी फळ्यावर शिकवता येतो आणि तो लक्षातही राहतो, कारण त्याला एक निळं दार चिकटलेलं असतं.

विचारणं हे सांगण्याहून अवघड आहे, आणि त्याकडं आपलं जवळपास लक्षच नाही. जावळीतली एखादी मुलगी बारावीनंतर पहिल्यांदा एकटी पुण्यात स्वारगेटला उतरते. तिला प्रवेशासाठी एखाद्या कॉलेजात जायचं असतं. विचारण्याचं एक वाक्य तिला पाठ असतं. पण त्या वाक्याला मिळणारं उत्तर भराभरा येतं, अर्धं कळतं, आणि उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. ती ‘थँक यू’ म्हणते, कारण संवादात पुढं तेच लिहिलेलं होतं, आणि अंदाजानं चालू लागते. खरं तर तिथंच थांबून ‘आफ्टर द ब्रिज? लेफ्ट?’ असं विचारायचं असतं. ऐकलेलं परत म्हणून दाखवणं हे मराठीत ती रोज करते. ‘म्हंजे टाकीपास्नं डावीकडं ना?’ असं पोरं एकमेकांना शंभरदा विचारतात. मग तेच इंग्रजीत का नको? ‘स्लोली, प्लीज’ आणि ‘वन्स मोअर’ ही दोन वाक्यं न लाजता म्हणता आली तर परक्या शहरात घाबरून उभं राहायची वेळ येत नाही. कळलं नाही असं सांगणं म्हणजे कमीपणा, ही समजूत शाळेतच रुजते. ती शाळेतच मोडली पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. आपल्याकडं माणूस वाट विचारायला आला की नाही म्हणणं जिवावर येतं. ठाऊक नसलं तरी आपण काहीतरी दिशा दाखवतो. त्यामागं वाईट हेतू नसतो, पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवू नये एवढीच भावना असते. पण चुकीच्या घाटात शिरलेल्या गाडीला ती भावना महागात पडते. म्हणून ‘सॉरी, आय डोन्ट नो. प्लीज आस्क ॲट दॅट शॉप’ हेसुद्धा बरोबर उत्तर आहे, आणि त्यालाही पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. आपल्याला काय माहीत नाही ते सांगून कुणाकडं माहिती मिळेल ते दाखवणारं मूल मला पाठ केलेल्या दहा संवादांपेक्षा मोलाचं वाटतं.

हे सगळं आधी मराठीत झालं पाहिजे, यावर मी ठाम आहे. मराठीच्या तासाला पत्रलेखन असतं, निबंध असतो, पण अनोळखी माणसाला आपल्या घरापर्यंत कसं आणायचं हे शिकवलं जात नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. रात्री वाडीतून फोन जातो तेव्हा पलीकडचा माणूस पहिल्यांदा विचारतो, नेमकं कुठं यायचं? फोनवर बोलणारा घाबरलेला असतो आणि म्हणतो, ‘आमच्या घरी.’ फाट्यापासून पुढं कुठली खूण, कुठं वळायचं, गाडी कुठपर्यंत येईल आणि तिथं कोण उभं राहील, हे चार वाक्यांत सांगता येणं हे जीवनावश्यक कौशल्य आहे. तिसरीच्या परिसर अभ्यासात मुलं आपल्या जिल्ह्याची ओळख करून घेतात. तिथंच घर ते शाळा, घर ते दवाखाना, फाटा ते घर या वाटा मराठीत सांगून, काढून आणि चालून पक्क्या कराव्यात. त्याच वाटा पुढं इंग्रजीच्या तासाला घ्याव्यात. विचार करायची मेहनत आधीच झालेली असेल, इंग्रजीवर फक्त शब्दांचा भार येईल.

२०२५ साली पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून राज्यात मोठा वाद झाला आणि जूनअखेर सरकारनं त्याबाबतचे निर्णय मागे घेतले. तो वाद गरजेचा होता, लहान मुलांवर भाषांचं ओझं लादायला माझाही विरोध आहे. पण त्या सगळ्या चर्चेत भाषा किती असाव्यात आणि कुठल्या असाव्यात याबद्दलच बोललं गेलं. जी भाषा शिकवतोय तिच्यात मूल कुठलं काम करू शकतं, हा प्रश्न बाजूला पडला. इंग्रजी आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून शिकवली जाते. इतक्या वर्षांत एका मुलानं एका माणसाला एका ठिकाणी पोहोचवावं, एवढी मागणी आपण तिच्याकडं केली नसेल तर पालकांची निराशा मी समजू शकतो. इंग्रजीची ओढ साताऱ्यात नवी नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकरांचं नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात नोंदवलं गेलं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. रोजगार हमीवर जाणारी आई पोटाला चिमटा घेऊन पोराला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवते, ती त्याच आशेनं. तिच्या आशेला पाठ केलेल्या संवादानं उत्तर देणं अन्यायाचं आहे.

आता मोबाइलचा मुद्दा. नकाशा खिशात असताना वाट विचारायची आणि सांगायची कशाला, असं शहरातले पालक म्हणतात. कोयनेच्या बाजूला गाडी वळली आणि रेंज गेली की त्याचं उत्तर मिळतं. पण मी त्यावर माझा मुद्दा उभा करणार नाही, रेंज आज ना उद्या येईल. गूगलनं २००९ साली भारतातल्या आपल्या नकाशासेवेत खुणांवरून वाट सांगायला सुरुवात केली, कारण इथली माणसं रस्त्यांच्या नावांवर चालत नाहीत, देवळावर, पंपावर, टाकीवर चालतात हे त्यांच्याही लक्षात आलं. एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्या माणसांची रीत शिकावी लागली, आणि आपली वर्कबुकं अजून परक्या गावच्या चौकातच उभी आहेत. शिवाय यंत्र वाट दाखवतं, पण वाट दाखवताना मुलाच्या डोक्यात जे घडतं ते यंत्र करून देत नाही. दुसऱ्याला काय दिसतंय, त्याला काय माहीत नाही, तो कुठं चुकेल, याचा विचार करून बोलणं पुढं जन्मभर उपयोगी पडतं, मग ते मूल नर्स होवो, मेकॅनिक होवो की वकील.

अनोळखी माणसांशी मुलांनी बोलावं का, हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. पालकांची भीती खरी आहे, विशेषतः मुलींच्या. म्हणूनच हा भाग पाठाच्या आतच असला पाहिजे. गाडीपासून दोन हात लांब उभं राहायचं. वाट तोंडानं सांगायची, गाडीत बसून दाखवायला जायचं नाही. एकटं असलं तर उत्तर न देता दुकानातल्या मोठ्या माणसाकडं बोट दाखवायचं. ‘आय कॅनॉट कम. आस्क देअर’ हे वाक्य ठणकावून म्हणायचा सराव वर्गात व्हावा. रस्त्यावर प्रश्न येणारच आहेत. त्यांची तयारी करून दिलेलं मूल न दिलेल्या मुलापेक्षा सुरक्षित असतं.

हे करायला नवा शासन निर्णय लागत नाही. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, उपक्रम आहे. रांगोळी आणि खडू प्रत्येक शाळेत असतात. कमी पटाच्या शाळेत तर हे जास्तच सोपं, कारण चौथीचं मूल वाट सांगतं आणि दुसरीचं चालतं, दोन्ही वर्गांचा तास एकदम होतो. ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि हातानं काम करत शिकणं हे शिक्षणच आहे असं मानलं, तिथं इंग्रजीचा तास अंगणात नेण्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागू नये. राहतो प्रश्न खऱ्या ऐकणाऱ्याचा, ज्याला ती वाट खरंच माहीत नाही अशा माणसाचा. तो वर्गात मिळत नाही, कारण सगळी मुलं त्याच गावची. पण तो शाळेत येत असतो. केंद्रप्रमुख येतात, विस्तार अधिकारी येतात, नव्यानं बदलून आलेले गुरुजी येतात. भेटीला आलेल्या साहेबांनी वाचन घेऊन, पाढे म्हणवून झाल्यावर एका मुलाला त्याच्या घराची वाट इंग्रजीत विचारावी, सोबत एक शिक्षक घ्यावा आणि सांगितल्याप्रमाणं चालत निघावं. शेरे पुस्तिकेत ‘इंग्रजी संभाषण समाधानकारक’ असं लिहिण्याऐवजी कुठल्या इयत्तेच्या मुलाच्या सांगण्यावरून आपण कुठवर पोहोचलो आणि कुठं चुकलो, ते लिहावं.